मदत हवी आहे : म्यानमारच्या वायूचे पैसे नेमके कुठे अडतात?

म्यानमारमधल्या १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर इतर देशांनी काय केलं, यावर टिपण चालू आहे. मतदानाचा भाग पक्का आहे. १८ जून २०२१ चा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव ११९ विरुद्ध १ असा मंजूर झाला. विरोधात एकटा बेलारूस, तटस्थ ३६, त्यांत भारत, चीन, रशिया. शस्त्रपुरवठा रोखण्याचं आवाहन त्यात आहे, पण बंधन नाही. डिसेंबर २०२२ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव २६६९ मध्येही शस्त्रबंदी नाहीच, हे फार खटकतं.

अडलंय ते सरकारी तेल-वायू कंपनी 'मोगे'पाशी. लष्कराच्या परकीय चलनाचा मोठा वाटा थायलंड आणि चीनला जाणाऱ्या वायूतून येतो, म्हणजे खरी नस हीच. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ मध्येच तिची मालमत्ता गोठवली. अमेरिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश काढला, तोही फक्त वित्तीय सेवांपुरता.

थाई खरेदीदाराने अमेरिकी बँक टाळून थाई चलनात (बाट) पैसे दिले, तर हा आदेश लागू होतो का? 'मोगे' अमेरिकेच्या पूर्ण काळ्या यादीत असती, तर थाई बँकांनी व्यवहार थांबवले असते का? परकीय चलन किंवा निर्बंध-तपासणीचं काम करणाऱ्यांनी कृपया कलमासकट सांगावं.