मदत हवी आहे: भूगोलातल्या नकाशाच्या रेषा जमत नाहीत

कळव्याची आई
सोमवारी पेपर आहे, म्हणून थेट विचारते. मुलगी बाकी भूगोल पाठ करते, पण आकडे देऊन नकाशावर रेषा काढायला सांगितल्या की पान उलटते. वर म्हणते, "मोबाईलवर नकाशा असताना हे कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. कोणी समजावेल का? लवकर, प्लीज.

रेतीबंदर
कितवी? बोर्ड कोणतं? कुठल्या रेषा?

ऐरोलीकर७४
बोर्ड कुठलंही असो, अ‍ॅटलास घ्या आणि रोज एक राज्य कोऱ्या नकाशात भरा. आम्ही असेच शिकलो. गाईड आधी घराबाहेर काढा.

कळव्याची आई
स्टेट बोर्ड, नववी. वितरणाचे नकाशे. टिंब आणि क्षेत्रघनी (छटांचे) जमतात, समघनीला अडते, म्हणजे सारख्या आकड्याची ठिकाणं रेषेने जोडायची तिथे.

पनवेल_अभ्यासिका
राज्यसेवेला भूगोल फार उपयोगी पडतो. आत्तापासून नोट्स काढायला लावा.

रेतीबंदर
अहो, पोरगी नववीत आहे! ताई, एका बिंदूवर ४० आणि शेजारच्यावर ६० असेल तर ५० ची रेषा बरोब्बर मधून जाते. ४० आणि ८० असेल तर ४० पासून पाव अंतरावरून. आधी असे ५० चे सगळे ठिपके पेन्सिलीने मांडायचे, मग सलग जोडायचे. दोन रेषा एकमेकींना छेदल्या तर तिथे हमखास चूक आहे.

ऐरोलीकर७४
हे झालं मार्कांपुरतं. तिला खाडीवर न्या. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. एकाच दिवशी दोन फेऱ्या मारा, उघडा पडलेला चिखल बघूनच कळेल.

रेतीबंदर
सोमवारी पेपर आहे, खाडी नंतर.

बेलापूरची मावशी
मोबाईलचं मी सांगते. तो रस्ता दाखवतो, पण कुठली गल्ली सखल हे त्यावरून कुठे कळतं? ते समोच्च रेषांवरून कळतं, आणि त्याही अशाच उंचीचे आकडे जोडून काढतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा पाणी उतार धरूनच गेलं. आमच्याकडे धारण तलाव आहेत ते याच हिशेबाने. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात, ओहोटीला बाहेर.

ऐरोलीकर७४
तलावात गाळ किती साठलाय, तेही सांगा. आधी उपसायला हवा.

बेलापूरची मावशी
उपसा म्हणणं सोपं आहे. आत कांदळवन वाढलंय, ते तोडायचं का?

ऐरोलीकर७४
मग पाणी आमच्या घरात आलेलं चालेल?

कळव्याची आई
थांबा जरा! काढून बघितलं. पहिल्यांदा थेट पेनाने ओढली, सगळं खोडावं लागलं. दुसऱ्या वेळी ४०-८० चं गणित तिनेच मला समजावलं. मावशी, गल्लीचं तिला पटलं. आमची बिल्डिंग किती उंचीवर आहे, विचारत होती. फक्त एक अडलंय. रेषा कडेला येते आणि पुढे बिंदूच नसतात, तेव्हा?

रेतीबंदर
चौकटीपर्यंत नेऊन सोडून द्या. रेषेवर आकडा लिहायला मात्र सांगा, मुलं तोच विसरतात.