प्रतिसाद: लहान विमानसंस्थांची सुरक्षा व्यवस्था

दोन-तीन विमानांच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेने सुरक्षेची नियमावली छापली की पुरे, हे मत मला मान्य नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, २०१३ पासून लागू असलेल्या परिशिष्ट १९ मध्ये (सुरक्षा व्यवस्थापनाचे नियम) धोरण, जोखीम व्यवस्थापन, सुरक्षेची हमी आणि प्रसार असे चार भाग आहेत, आणि त्यांतला दुसरा भाग स्थानिक माहितीवाचून कोराच राहतो. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा हवा विरळ होऊन इंजिनाची शक्ती आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, उड्डाणाची धाव लांबते. धोक्यांच्या नोंदवहीत हे आधी यावे. चूक स्वतःहून कळवणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला किंवा मेकॅनिकला शिक्षा होणार नाही (जाणूनबुजून केलेला नियमभंग वेगळा), असे संस्थाप्रमुखांनी लेखी दिल्याशिवाय ती वही भरणार नाही.