फोन टॅपिंगच्या पुराव्याला आव्हान देताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न
लाचखोरीच्या एका प्रकरणात दोषारोपपत्रासोबत माझ्या अशिलाच्या फोनवरील संभाषणांच्या लेखी प्रती जोडल्या आहेत आणि बहुतेक सारी भिस्त त्यांवरच आहे. पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. पण एवढे सांगून संभाषणे बाद होणार नाहीत, हे उघड आहे. पोलिसी पाळतीविरुद्ध लढणारे वकील नेमका कोठे हात घालतात?

उत्तर
सर्वप्रथम टॅपिंगचा मूळ आदेश मागा. टॅपिंग जुन्या तार अधिनियमाखालचे असेल, तर कलम ५(२) नुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक कारण असल्याशिवाय आदेश काढताच येत नाही. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहसचिवांचा आदेश आणि तो तपासणारी पुनर्विलोकन समिती ही बंधने घातली, ती २००७ मध्ये तार नियमांतील नियम ४१९-अ मध्ये आली. आदेशाची मुदत साठ दिवस, वाढवून जास्तीत जास्त एकशे ऐंशी. विनीत कुमार प्रकरणही लाचेचेच होते. त्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली असे आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. तो निकाल अथपासून इतिपर्यंत वाचा.

दुसरे उत्तर
सरकारी वकील सर्वोच्च न्यायालयाचा मलकानी निकाल पुढे करतील, याची तयारी ठेवा. बेकायदा मिळवलेला पुरावाही प्रस्तुत असल्यास ग्राह्य धरता येतो, असे त्यात म्हटले आहे. मात्र तेथे बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने ध्वनिमुद्रण झाले होते, आपल्या अशिलाच्या बाबतीत दोघेही अंधारात होते. हा फरक न्यायालयापुढे ठासून मांडायला हवा, कारण पुष्कळ युक्तिवाद येथेच ढिले पडतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आदेशाची प्रत पाहिली. ‘सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितासाठी आवश्यक’ एवढे एकच छापील वाक्य, खाली फोन क्रमांक आणि सही. समितीचा कागद कोठेच नाही.

उत्तर
मग त्या एका वाक्यावरच बोट ठेवा. नियमानुसार आदेशात कारणे नमूद करावी लागतात आणि त्याची प्रत कामकाजाच्या सात दिवसांत समितीकडे जावी लागते. समितीचा निष्कर्ष व मुदतवाढीचे आदेश हजर करण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. ‘गोपनीय आहे’ असे तोंडी सांगून वेळ मारून नेली जाते, तसे होऊ देऊ नका. माणसाचे घरातले बोलणे महिनोन्महिने ऐकणाऱ्या यंत्रणेकडून निदान कारण लिहून घेण्याचा आग्रह वकिलाने धरायलाच हवा. कागद आलेच नाहीत, तर खटल्यात साक्षीपुरावा सुरू होण्याची वाट न पाहता उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करा; विनीत कुमार प्रकरणातला मार्ग तोच होता.