मदत हवी आहे: मॅशम आणि ओल्ड पेक्युलियर

नमस्कार मंडळी, यॉर्कशरमध्ये राहणारं किंवा राहून आलेलं कुणी आहे का इथे? पुढच्या महिन्यात लीड्सला भावाकडे जातोय, त्यातला एक दिवस मॅशमसाठी राखून ठेवलाय. थीकस्टन ब्रुअरीची ओल्ड पेक्युलियर ही बिअर तिच्या गावातच प्यायची आहे.

बाटलीतली प्यायलोय. काळपट लालसर, ५.६ टक्के, मनुका-खजुराच्या अंगाची गोड चव आणि मागून हलका कडवटपणा. लेबलवर मॅशमच्या जुन्या धर्मन्यायालयाची मोहर असते. पण जाणकार म्हणतात, खरी मजा पिंपातली, हातपंपाने ओढलेली. ती थंडगार नसते, १२ अंशांच्या आसपास देतात. आपल्या चिल्ड बिअरच्या सवयीला हे कितपत झेपतं?

थीकस्टन १८२७ पासूनची. त्याच घराण्यातल्या पॉल थीकस्टन यांनी १९९२ मध्ये त्याच गावात ब्लॅक शीप ही वेगळी ब्रुअरी काढली. (भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते होय!) एका दिवसात दोन्हीकडची टूर जमेल का, की एकच नीट बघावी? थीकस्टनकडे लाकडी पिंपं बनवणारा कारागीर अजून असतो असं ऐकलंय, मला तेच काम बघायचंय.

मॅशमला रेल्वे नाही. लीड्सहून ३६ नंबरची बस रिपनपर्यंत जाते, पुढचं काय? रविवारी हाल होतात का? गाडी घेतली तर पिणं बोंबललं.

आणि हो, भारतात येताना कस्टमच्या दोन लिटरच्या मर्यादेत अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या बसतात. चेक-इन बॅगेत कशा गुंडाळता?