मदत हवी आहे: डोंगरगावचा गार (gar, एक प्राचीन मासा) आणि पाइक (pike, लांब शिकारी मासा), नातं आहे की नाही?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय, बीएस्सी झूऑलॉजी फायनल इयर. सेमिनारला पाइकची फॅमिली घेतलीये, इसॉसिडी. सगळे विचारून राहिले, इकडे मिळतच नाही तो मासा काहून घेतला बे. पण हिस्टरी जबरी आहे राव. खरे पाइक सगळे इसॉक्स या एकाच जीनसमधले (वंशातले) आणि सगळे उत्तर गोलार्धातले, नॉर्दर्न पाइक युरोप-आशिया-अमेरिका तिन्हीकडे, मस्की फक्त उत्तर अमेरिकेत, अमूर पाइक रशिया-चीन सीमेवरच्या अमूर नदीकडे. कॅनडातल्या अल्बर्टात इसॉक्स टीमॅनी म्हणून फॉसिल आहे, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचं, आणि तेव्हाच जवळपास आजच्यासारखं दिसतं! त्याच्याही आधीचे नातेवाईक तिथेच डायनोसॉरच्या काळात सापडतात, मुख्यतः जबडे आणि दात. जवळचे भाऊबंद म्हणजे सामन-ट्राउट. सामनच्या पूर्वजाचा अख्खा जीनोम (सगळा डीएनए) डबल झाला, पाइककडे ते झालंच नाही, म्हणून 2014 मध्ये आलेला पाइकचा जीनोम तुलनेला कामी येतो.

आता लोचा. आमचे सर म्हणतात लोकल टच म्हणून डोंगरगावचा मासा टाक, 'भारतातला पाइक' म्हणून. डोंगरगाव म्हणजे वरोऱ्याकडचं, चंद्रपूर जिल्हा, तिथल्या लमेटा थरातून (डायनोसॉरच्या काळातले खडक) इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ वुडवर्डने 1908 मध्ये गारच्या फॉसिलचं वर्णन केलं होतं, लेपिडोस्टियस इंडिकस. आकार सेम टू सेम, लांब अंग, दातांनी भरलेलं तोंड, पाठीचा पर पार शेपटीजवळ. पण मला पटत नाहीये. एका स्लाइडमध्ये सरांना पटेल असा पुरावा कोणता दाखवू? आणि गार इथपर्यंत आला तर पाइक काहून नाही आला?

—

उत्तर १: भाऊ, खवले दाखव, विषय संपला. गारचे खवले जाड, शंकरपाळ्यासारखे चौकोनी, वर चकचकीत थर, म्हणून फॉसिलमध्ये सुटे खवलेसुद्धा ओळखू येतात. पाइकचे पातळ, गोलसर, रोहूसारखे. गारची शाखा बाकीच्यांपासून 25 कोटी वर्षांच्याही आधी वेगळी झाली, म्हणजे अंबाझरी तलावातला रोहू किंवा मरळसुद्धा पाइकला गारपेक्षा जवळचा. हे वाक्य मोठ्या अक्षरात टाक. आकार सारखा कारण धंदा सारखा, दबा धरून झडप घालायची, मागचे पर त्यासाठीच.

उत्तर २: पाइक का नाही, तर अल्बर्टात टीमॅनी पोहत होता तेव्हा भारत आशियाला चिकटलेलाच नव्हता, समुद्रात एकटा उत्तरेला सरकत होता. नंतर टक्कर झाली तर मध्ये हिमालय उभा राहिला, शिवाय हे थंड पाण्याचे प्राणी. गारचं तसं नाही, काही जाती आजही खाऱ्या पाण्यात जातात, त्यामुळे किनाऱ्याने पसरले असावेत. पण सरांसमोर 'असावेत' म्हणूनच सांग, नाहीतर व्हायव्हात पकडतील.

—

धन्यवाद दोघांना. गारच्या खवल्याचा क्लोजअप फोटो कोणाकडे असेल तर इथेच टाका प्लीज, शुक्रवारी सेमिनार आहे.