नापास पोट्ट्याचा पेपर एकदा बघा तरी
कुणीतरी लिहिलंय की नापास झाला म्हणजे पोट्ट्यानं अभ्यासच केला नाही, मला नाही पटत हे. मी नागपुरात सक्करदऱ्याला दहावीचं गणित शिकवते, एका वर्षी चौघं नापास झाले, बोर्डाकडून उत्तरपत्रिकेच्या छायाप्रती मागवल्या तर चौघांचीही चूक तीच, वर्गसमीकरणात कंसाबाहेरचं वजा चिन्ह सोडलेलं, म्हणजे तिथं शिकवताना घाई माझीच झाली होती नं. पास झालेल्यांकडून मला हे कधीच कळलं नसतं, त्यांनी ते गणित पाठच केलं होतं. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैच्या आसपास होते हे फार चांगलं झालं, आधी ऑक्टोबरची वाट बघण्यात वर्ष जायचं. मधल्या दिवसांत तेवढाच धडा पुन्हा सावकाश घेतला, चौघंही पास झाले. त्यातला एक आयटीआयला गेला, अजून येतो क्लासमध्ये, लहान्यांना चिन्हं तोच समजावतो.