शब्दचर्चा : ‘तीन खण’ म्हणजे किती जागा?

परवा घरातले जुने कागद चाळताना भाचीने विचारलं, “मामा, आजोबांनी भाड्याने नुसते तीन खण घेतले होते? कपाटाचे?” भाडेचिठ्ठीत लिहिलं होतं, ‘पहिला मजला, रस्त्याकडील तीन खण’. तिचं काही चुकलं नाही. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला खण माहीत आहे तो टेबलाचा, नाहीतर ओटीचा.

घराचा खण म्हणजे दोन खांबांमधली, वर दोन तुळयांमधली जागा. पुण्यातल्या वाड्याचा बराचसा भार लाकडी सांगाड्यावर असे. दगडी जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे बैठे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, मग आडव्या जाड तुळया, त्यांवर कड्या म्हणजे बारीक वासे आणि वर पाट म्हणजे फळ्या. म्हणून जागाही खांबांतच मोजायची. खण केवढा, हे मिळालेल्या लाकडावर ठरे. एका वाड्यातला खण दुसऱ्यातल्या खणाएवढा असेलच असं नाही.

खण म्हणजे खोली, असा अर्थ हल्ली सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. खोलीला भिंत लागते, खणाला लागत नाही. नारायण पेठेतल्या आमच्या तीन खणांत खोली एकच होती. आई म्हणायची, “पलीकडच्या खणात बसून अभ्यास कर,” आणि मध्ये दार नव्हतं, फक्त एक खांब होता, त्याच्या खुंटीला वडिलांची टोपी. वर कडीपाट, म्हणजे कड्या-पाटांचं छत. वरच्या बिऱ्हाडात खलबत्ता सुरू झाला की पाटांच्या फटीतून पांढरी माती झरायची. आजी तो आवाज ऐकूनच दुधाच्या पातेल्यावर ताट ठेवायची.

खण डोळ्यांनी पाहायचा तर बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर उभं राहावं. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. सज्जातले सुरूचे, म्हणजे सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी, खांब मोजत जा. दोन खांबांमध्ये एक खण. शनिवारवाड्यात मात्र १८२८ च्या आगीनंतर महालांची जोतीच उरली. पेशव्यांचाच बुधवारवाडा १८७९ च्या आगीत गेला. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे पाण्यात बसले. लाकूड आगीत गेलं, माती पुरात गेली. जे राहिले ते गोठलेली भाडी आणि रखडलेल्या दुरुस्त्या यांत खचत गेले. सिमेंटच्या दोन कॉलममधल्या जागेला खण म्हणताना मी अजून कोणाला ऐकलं नाही.

आमचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा करारात खणांचे चौरस फूट झाले. मोजणीच्या दिवशी टेप धरलेला मुलगा खांबाला वळसा घालून घालून मापं घेत होता. आमचे तीन खण कागदावर नीट उतरले, एक इंचही कमी नाही. मग आजीने विचारलं, “आणि ओसरी? चौक? तुळशीवृंदावन?” तिथे आम्ही सगळी बिऱ्हाडं पापड वाळत घालायचो, उन्हाळ्यात झोपायचो, लग्नाच्या पंगती उठवायचो. पण कोणाच्याच भाडेचिठ्ठीत ते खण लिहिलेले नव्हते. मुलाने कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि टेप गुंडाळला.